किडीनं खाल्लेलं नाव

“एकशे बारा,” ग्रेग म्हणाला. “यादीत एकशे तेरा आहेत.”

“पुन्हा मोज,” शोभना म्हणाली.

“दोनदा मोजली. नो वरीज, शोभना. पण एक चिनी पुस्तक नाहीये.”

शोभनानं चष्मा कपाळावर चढवला आणि उगाचच समोरच्या खोक्यात डोकावून पाहिलं. पुस्तक तिथे नव्हतंच, हे तिला ग्रेगपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते गेली अकरा वर्षं कॉलेजच्या मागच्या उतारावर, निवृत्त पाद्र्यांच्या घरात, फादर डोलन यांच्या खिडकीतल्या टेबलावर होतं. लायब्ररीच्या दुर्मीळ विभागातली पुस्तकं इमारतीबाहेर न्यायची नाहीत, असा नियम होता. त्या नियमाची पाटी शोभनानंच टाइप करून दारावर चिकटवली होती. तरी दर सहा महिन्यांनी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, ती कॉम्प्युटरवर त्या पुस्तकाची मुदत वाढवून टाकायची. दर वेळी मनाशी म्हणायची, हे शेवटचं. असं बावीस वेळा झालं होतं.

“शुक्रवारी दहाला ट्रक येईल,” ग्रेग सांगत होता. “तोपर्यंत नाही मिळालं तर मला इन्शुरन्सवाल्यांना कळवावं लागेल. मग ते बघतील शेवटी कुणाच्या नावावर होतं, कुणी रिन्यू केलं वगैरे. माझ्या हातात नाहीये ते.”

कुणी रिन्यू केलं, तर एस. ए. बावीस वेळा एस. ए., म्हणजे शोभनाच.

“मिळेल,” शोभना म्हणाली आणि कोट अंगावर चढवून बाहेर पडली.

कॉलेज मे महिन्यात बंद होणार होतं. विद्यार्थी कमी होत होत सहाशेवर आले, आणि विश्वस्तांनी फेब्रुवारीत एक ई-मेल पाठवून सव्वाशे वर्षांचा कारभार आटोपता घेतला. लायब्ररी रिकामी करायचं कंत्राट बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. तिशीतला ग्रेग त्या कंपनीचा. तसा सज्जन मुलगा, पण प्रत्येक गोष्टीला ‘नो वरीज’ म्हणायचा, आणि तो तसं म्हणाला की शोभनाला हटकून काळजी वाटायला लागायची. जुनी चिनी पुस्तकं तेवढी बॉस्टनकडच्या एका मोठ्या विद्यापीठानं मागून घेतली होती. त्यांच्या नोंदी नीट लावून देणं हे शोभनाचं शेवटचं काम.

सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती. नवरा संजीव सॉफ्टवेअरच्या नोकरीवर अमेरिकेत वुस्टरला आला, श्रूजबरीत घर घेतलं, आन्या किंडरगार्टनला जायला लागली, तेव्हा ‘तीन तास जरा घराबाहेर’ म्हणून शोभनानं ही नोकरी धरली. आलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, उंची सेंटिमीटरमध्ये, सगळं कॉम्प्युटरात भरायचं. वेंगुर्ल्याची बी. एस्सी., त्यामुळे नावापुढे लायब्ररियन कधी लागलं नाही, असिस्टंटच राहिली. पण तिच्या हातच्या नोंदीत चूक सापडत नाही, अशी ख्याती होती. म्हणजे, एक माणूस सोडून बाकी कुणाला सापडत नसे.

तो माणूस आत्ता खिडकीकडे पाठ करून बसला होता. फादर डोलन सहाऐंशी वर्षांचे, जेझुइट संघाचे पाद्री, एके काळी याच कॉलेजात चिनी इतिहास शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. समोर माणूस उभा आहे एवढं दिसे, कोण ते दिसत नसे.

“शोभना?” त्यांनी पावलांवरून ओळखलं. “बुधवार आहे का आज?”

“सोमवार.”

“मग काहीतरी बिनसलंय.”

“पुस्तक द्या, फादर,” ती दारातूनच म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. शुक्रवारी ट्रक येतोय. नाही दिलं तर तुम्ही चोर आणि मी चोराची साथीदार.”

“बसा तर खरं.”

“बसायला वेळ नाही मला.”

“बसायला वेळ नसलेल्या माणसाला मी चारशे वर्षांपूर्वीचं पुस्तक देणार नाही,” फादर शांतपणे म्हणाले. त्यांचा दुखरा गुडघा, त्यांची चिकाटी आणि हा शांतपणा, यांतली नेमकी कुठली गोष्ट आपल्याला जास्त छळते, हे शोभनाला सव्वीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं. “काय कटकट आहे,” ती मराठीत पुटपुटली आणि बसली. एरवी त्या दोघांचं सगळं बोलणं इंग्रजीत चाले. पण ‘कटकट’ हा शब्द फादरना एव्हाना पाठ झाला होता.

पुस्तक टेबलावरच होतं. निळ्या पुठ्ठ्याचं, दोऱ्यानं शिवलेलं, अडतीस पानांचं. बाल्तझार पेस्ताना नावाचा एक पोर्तुगीज जेझुइट सोळाशे बाराच्या सुमाराला जहाजानं गोव्याला उतरला, दोन वर्षं तिथे राहिला, मग मकावमार्गे चीनमध्ये शिरला आणि परत कधी गेला नाही. तिथे त्यानं पेई दाओयुआन असं नाव घेतलं. त्यातल्या दाओयुआनचा अर्थ लांबचा रस्ता. वीस वर्षं चिनी शिकून त्यानं चिनीत हे पुस्तक केलं. त्यात धर्मोपदेश जवळपास नव्हताच. चिनी यजमान प्रश्न विचारतो आणि परदेशी पाहुणा उत्तरं देतो, एवढंच. तुझ्या देशाला जायला किती दिवस लागतात? तिथे वांगी होतात का? मुलगी लग्न करून गेली की माहेरी कधी येते? समुद्रावर माणूस मेला तर त्याला कुठे पुरतात?

फादर डोलन यांनी या अडतीस पानांवर आयुष्यातली चाळीस वर्षं घातली होती. भाषांतर, टिपा, प्रस्तावना मिळून चारशे बारा पानं टाइप झाली होती. ती शोभनानंच केली होती. तिच्या कामाच्या यादीत ते कुठेच नव्हतं. दोन प्रकाशकांनी नको म्हटलं, तेव्हाही फादर ‘अजून एक गोष्ट राहिलीय’ एवढंच म्हणाले होते. नजर गेल्यावर तर दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत शोभना डबा घेऊन इथे यायची. तिला चिनी येत नव्हतं. पण नोंदींपुरतं अक्षर ओळखायला, त्याच्या रेघा मोजायला ती शिकली होती. ती पुस्तकातलं अक्षर बघून वर्णन करायची, आणि फादर ते वाचायचे.

“छपराखाली एक बाई बसलीये,” ती सांगायची.

“शांती,” फादर म्हणायचे.

“बाईला छपराखाली बसवली की शांती? कुणाला?”

“पुढचं अक्षर, शोभना.”

असं तीन वर्षं. एकेका ठिपक्यावरून वाद व्हायचे. वर ठिपका आहे की नाही? आहे. नीट बघा. आहे म्हणते ना! मग ती भिंग लावून बघायची, आणि तो ठिपका म्हणजे किडीनं पाडलेलं भोक निघायचं, आणि फादर नुसते हसायचे, त्यानं ती आणखी चिडायची.

“प्रस्तावनेची शेवटची ओळ काढा,” आता ते म्हणाले.

“ती ओळ मला तोंडपाठ आहे.”

“तरी काढा.”

शोभनानं पान उघडलं. पेई दाओयुआन यांनी तोंडी सांगितलं, अशी ती ओळ सुरू होत होती. पुढे होतं, शेन अमुक यांनी लेखणीनं उतरवलं. शेन हे आडनाव. चिनीत आडनाव आधी येतं. त्यापुढची नावाची दोन अक्षरं किडीनं खाल्ली होती. पहिलं पुरतं गेलेलं. दुसऱ्याच्या डाव्या बाजूला, चिनी अक्षरांत ‘पाणी’ सुचवणारे तीन ठिपके तेवढे शिल्लक. हा शेन कोण, हे शोधायला फादर लिस्बन, रोम, बीजिंग सगळीकडे जाऊन आले होते. त्या काळातले अकरा शेन त्यांना सापडले. हा त्यातला कुठला, ते नाही सापडलं. पुस्तकाची दुसरी प्रत जगात कुठे असल्याची नोंद नव्हती.

“काय दिसतं?”

“शेन. मग भोक. मग तीन ठिपके, मग भोक. गेल्या बुधवारी होतं तेच. किडीनं काही परत आणून ठेवलेलं नाही.”

फादरनी विचारलं, “आपल्या नोंदीत लेखक कोण आहे?”

“पेस्ताना.”

“फक्त?”

“फक्त! मी दहा वर्षांपूर्वी म्हटलं होतं, शेन घालते म्हणून. तुम्ही म्हणालात, थांबा, पूर्ण नाव सापडू दे. पाच वर्षांपूर्वी म्हटलं. तुम्ही म्हणालात, थांबा.”

“आता थांबू नका,” फादर म्हणाले. “आता नाही सापडणार मला ते. पेस्तानाचं चिनी काय होतं, मला माहीत आहे. त्याची पत्रं वाचलीत मी. बाजारात भाजी घेण्याइतकं. या पुस्तकातली वाक्यं त्याची नाहीत. प्रश्नही कदाचित शेनचेच असतील. जेवढं नाव उरलंय तेवढं घाला. नोंद दुरुस्त करून आणा, कागदावर छापून, वाचून दाखवा, आणि पुस्तक घेऊन जा. एकदा ते तिकडे गेलं की मी कुणाला फोन करणार?”

“आणि नाही केली तर?”

“तर मी चोर,” फादर म्हणाले.

शोभना उठली, पुन्हा बसली. तिचा राग भलत्याच दिशेला वळला होता.

“शेनसाठी एवढा जीव टाकताय,” ती म्हणाली. “आणि तुमची एकशे एकोणनव्वदावी टीप?”

“कुठली?”

“आमसुलाची!”

पेस्ताना गोव्यातलं जेवण सांगतो, तिथे ‘मासळीत घालतात ती आंबट काळी साल’ असे शब्द होते. फादरनी त्याची चिंच करून ठेवली होती, मग सुकं आलुबुखार केलं, मग सहा वर्षं प्रश्नचिन्ह. एका बुधवारी शोभनानं डब्यातली सोलकढी बाजूला ठेवून सांगितलं होतं, ‘फादर, ही साल मी परवाच भिजत घातली होती. आमसूल आहे ते. माझं माहेर गोव्यापासून तासाभरावर.’ फादर लहान मुलासारखे खूश झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी टीप सांगितली आणि तिनं मुकाट्यानं टाइप केली.

“काय लिहिलंय मी त्यात?”

“‘ही ओळख एका स्थानिक माहितगाराकडून.’ स्थानिक! कुठली स्थानिक? श्रूजबरीची?”

फादरचा चेहरा उतरला. “ते चुकलंच,” ते म्हणाले. “आत्ता बदलू. लिहून घ्या. ही ओळख शोभना...” आणि ते अडले.

शोभना वाट बघत राहिली. बाहेर लॉनवर कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं, ते बंद झालं.

“तुमचं आडनाव,” फादर हळूच म्हणाले, “मला वाटतं, मी कधी...”

“सव्वीस वर्षं, फादर!”

“पत्रांवर एस. ए. असतं.”

“शेनचं आडनाव आहे, नाव नाही. माझं नाव आहे, आडनाव नाही. आम्हा दोघांचा मिळून एक अख्खा माणूस होईल बघा.”

हे बोलल्यावर तिला स्वतःलाच हसू आलं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग आला. फादर मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले आणि म्हणाले, “सांगा. एकेक अक्षर सांगा.”

तिनं सांगितलं. आरोलकर. त्यांनी ते दोनदा म्हटलं, दोन्हीदा चुकीचं. तिसऱ्यांदा बरं जमलं. मग त्यांनी टीप नव्यानं सांगितली, आणि वेंगुर्ला कुठल्या दिशेला, किती मैलांवर, तेही तिच्याकडून घेतलं. तिनं लिहून घेतलं. लिहिताना हस्ताक्षर नेहमीसारखं आलं नाही, त्याचं खापर तिनं पेनवर फोडलं.

मंगळवारी सकाळी तिनं नोंद उघडली. विद्यापीठाची प्रणाली नवी होती. नोंदी थेट त्यांच्या कॉम्प्युटरात भरायच्या होत्या. तिनं दुसरा लेखक म्हणून शेन टाइप केलं. लाल ओळ आली: पहिलं नाव आवश्यक. तिनं रेघ टाकली. अवैध चिन्ह. प्रश्नचिन्ह टाकलं. अवैध चिन्ह. जागा मोकळी सोडली. पहिलं नाव आवश्यक.

“‘अननोन’ टाक ना,” ग्रेग तिच्या खांद्यावरून म्हणाला. “सगळे तेच टाकतात. पुस्तक मिळालं का?”

“मिळतंय.”

“नो वरीज.”

तिनं ‘अज्ञात’ टाकलं. प्रणालीनं हिरवी खूण दाखवली. शोभनाला ते पटलं नव्हतं, अज्ञात कसा? आडनाव आहे, तीन ठिपके आहेत. पण हिरवं तर हिरवं, असं म्हणून संध्याकाळी ती घरी गेली.

घरी दिवाणखान्यात खोकी रचलेली होती. संजीव त्यांच्यावर चिकटपट्टी लावत होता. लेक आन्या व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला, डेटा सेंटरमध्ये. तिच्या घराचं बेसमेंट आई-बाबांसाठी तयार होऊन बसलं होतं.

“अगं, सोड ना आता,” शेनची हकिगत ऐकून संजीव म्हणाला. “कॉलेजच बंद होतंय. कोण बघणारे?”

“अहो, कोण बघणारे म्हणून तर नीट करायचं ना! बघणारे असते तर त्यांनी केलं असतं.”

“लॉजिक नाही यार ह्यात.”

फोन स्पीकरवर होता. “आई,” आन्या म्हणाली, “इट्स नॉट युअर प्रॉब्लेम. यू आर गेटिंग लेड ऑफ. जस्ट गिव्ह देम द बुक.”

“लेड ऑफ मी होतेय, शेन नाही,” शोभना म्हणाली आणि भाजी चिरायला घेतली. मायलेकींचं संभाषण तिथे संपलं.

बुधवारी सकाळी नोंद उघडली तर शेन गायब. सगळीकडे शोधल्यावर कळलं, की प्रणाली रात्री आपोआप ‘साफसफाई’ करते आणि एकाच नावाची माणसं एकत्र जोडून टाकते. शेन अज्ञात याला तिनं एका इंग्रजी पुस्तकाच्या लेखकाशी जोडलं होतं. त्या लेखकाचंही नाव अज्ञात. पुस्तक होतं वाफेच्या बॉयलरची देखभाल, एकोणीसशे चोपन्न. कॉम्प्युटरच्या हिशेबी चीनमधल्या त्या माणसानं तीनशे वर्षं थांबून अमेरिकेत येऊन बॉयलरवर पुस्तक लिहिलं होतं.

शोभनानं तक्रार नोंदवली. अकरा मिनिटांत उत्तर आलं: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. नोंद होती तशीच होती. तिनं पुन्हा तक्रार केली. पुन्हा सोडवण्यात आली. तेव्हा तिनं टेबलावर इतक्या जोरात हात मारला, की पलीकडच्या खोलीतून ग्रेग ‘यू ओके?’ म्हणत आला. त्यानं नो वरीज म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून ते मिटलं.

मग तिनं फोन उचलला. विद्यापीठाच्या तीन विभागांतून ढकलली जात ती अखेर मिस लिन नावाच्या बाईंपर्यंत पोचली. त्या तिकडे चिनी पुस्तकांच्या नोंदी करायच्या. शोभनानं एका दमात सगळं सांगितलं: किडीनं काय खाल्लं, काय सोडलं, बॉयलर.

“तीन ठिपके?” मिस लिननी विचारलं. “डावीकडे?”

“डावीकडे. तिसरा वर वळतो. उजवीकडचं काही नाही. एका रेघेचं टोक असेल कदाचित, पण ते मी छातीठोक सांगणार नाही. कागदाचा धागाही असेल.”

“तुम्हाला चिनी येतं?”

“नाही. मी फक्त मोजते.”

“माझ्याकडे चिनी येणारी माणसं आहेत,” मिस लिन म्हणाल्या. “मोजणारी नाहीत. हे बघा, नावाच्या रकान्यात काही घालू नका. पानावर जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवायचा रकाना आहे ना, त्यात तिथे काय आहे आणि काय नाही ते लिहा. त्याला मशीन हात लावत नाही. लेखक म्हणून शेनची स्वतंत्र नोंद मी इथून हातानं करते. साफसफाईतून वगळून.”

“नक्की ना?”

“मीही शेनच आहे आईकडून,” मिस लिन म्हणाल्या. “त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पण नक्की.”

शोभनानं तो रकाना भरायला दीड तास घेतला. खोडलं, लिहिलं, भिंगातून काढलेल्या फोटोशी ताडून पाहिलं. पेई दाओयुआन यांनी तोंडी सांगितलं. शेन, पहिलं अक्षर कीड लागून नष्ट, दुसऱ्या अक्षराचे डावीकडचे तीन ठिपके शिल्लक, यांनी लेखणीनं उतरवलं. अडतीस पानं, सव्वीस सेंटिमीटर. त्या दिवशीची जेवणाची सुट्टी त्यातच गेली. बुधवार असून ती उतारावर गेली नाही, हे तिच्या संध्याकाळी लक्षात आलं. उद्या जाऊच की, असं म्हणून तिनं मशीन बंद केलं.

गुरुवारी सकाळी नोंद शाबूत होती. तिनं ती छापली, घडी न घालता फायलीत ठेवली आणि दुपारी उतार उतरून गेली. फादरच्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंग नीट आवरलेला होता. टेबलावर काही नव्हतं.

“खाली आणलंय त्यांना,” जिन्यावर भेटलेली नर्स म्हणाली. ती घानाहून आलेली, उंच, हळू बोलणारी बाई होती. “काल रात्री ताप चढला. छातीत कफ आहे. हॉस्पिटलमध्ये नको, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलंय. तुम्ही लायब्ररीतल्या ना? तुमच्यासाठी एक वस्तू आहे. काल दिवसभर मांडीवर घेऊन बसले होते. जेवायलाही खाली ठेवेनात.”

नर्सनं कपाटातून उशीच्या स्वच्छ अभ्र्यात गुंडाळलेलं पुस्तक काढून दिलं. शोभनानं अभ्रा उलगडून पाहिलं. सवयीनं पानं मोजली. अडतीस.

काल दिवसभर. काल बुधवार होता.

तळमजल्यावरच्या खोलीत फादर डोळे मिटून पडले होते. श्वास मोठ्यानं चालला होता, एकेक श्वास ओझं जिन्यावरून चढवल्यासारखा. शोभना पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. तिनं फायलीतून कागद काढला.

“फादर, नोंद आणलीये,” ती म्हणाली. “वाचून दाखवायची ठरलं होतं. ऐका.”

तिनं वाचायला सुरुवात केली. शीर्षक वाचलं. पेई दाओयुआनचं नाव वाचलं. उच्चार तिला कधीच जमत नसे. दर वेळी फादर मध्येच थांबवून तिच्याकडून तीनतीनदा म्हणवून घ्यायचे. ती थांबली. फादर काही म्हणाले नाहीत. मग तिनं शेनची ओळ वाचली, भोकं आणि ठिपक्यांसकट. पानं, उंची, निळा पुठ्ठा, शिवण चार भोकांची.

चार? शिवण पाच भोकांची होती. आत्ताच तर तिनं पुस्तक हातात धरलं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा इतकी ढोबळ चूक तिच्या हातून गेली होती, मोठ्यानं वाचूनही दाखवली होती, आणि पलंगावरचा माणूस गप्प होता. शोभनाला त्याचा भयंकर राग आला. ठिपक्याठिपक्यावरून डोकं खाल्लं, आणि आता चार म्हटलं तर हूं का चूं नाही.

“पाच आहेत,” ती मोठ्यानं म्हणाली. “फादर, पाच भोकं आहेत. तुम्ही बोलत का नाही?”

श्वास तसाच चालू राहिला. तिनं कागद पलंगाच्या कडेवर टेकवून पेनानं चार खोडलं, वर पाच लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात सही केली. एस. ए. लिहिलं नाही, पूर्ण लिहिलं. मग तिनं फोन काढला.

“ग्रेग, पुस्तक माझ्याकडे आहे. सकाळी घेऊन येते.”

“ग्रेट! कुठे होतं?”

“वाचत होते ते.”

“कोण?”

“उद्या सांगते. आणि नोंदीत एक दुरुस्ती आहे, ती मी उद्या आल्या आल्या करणार आहे. तोपर्यंत चिनी पुस्तकांची खोकी बंद करायची नाहीत. आज मी परत येत नाही.”

“शोभना, आज अजून बरंच काम...”

तिनं फोन बंद केला आणि पुस्तक पुन्हा अभ्र्यात गुंडाळलं.

नर्स भेटीला येणाऱ्यांची वही घेऊन आली. खालच्या मजल्यावरच्या रुग्णांसाठी सही लागते, ती म्हणाली. नाव, वेळ, नातं. शोभनानं नाव लिहिलं. घड्याळ बघून दोन वाजून दहा मिनिटं लिहिलं. तिसऱ्या रकान्यात वरच्या ओळींवर होतं: धर्मबंधू, धर्मबंधू, पुतणी, धर्मबंधू.

“तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी का?” नर्सनं विचारलं.

“नाही.”

“घरच्या?”

“नाही.”

शोभनानं जरा वेळ पेन कागदावर तसंच धरलं. मग तिनं लिहिलं: लायब्ररी.

नर्सनं ते वाचलं. वही मिटली, पलीकडच्या भिंतीशी असलेली खुर्ची उचलली आणि आणून पलंगाजवळ ठेवली.